‘राहण्यासाठी एकच बंगला’: जुन्या खतातली अट कोर्टात कशी वाचली जाते

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते.

पुण्यातल्या एका जुन्या बंगल्यांच्या सोसायटीत तुम्ही २०११ साली बंगला घेतला. १९६२ च्या मूळ खतात अट आहे की प्लॉटवर राहण्यासाठी एकच बंगला, तळमजला व त्यावर एक मजला इतकाच बांधावा आणि राहण्याखेरीज अन्य उपयोग करू नये. आता लगतचा प्लॉट बिल्डरनं घेतलाय, महानगरपालिकेनं सात मजल्यांचा नकाशा मंजूर केलाय आणि खोदाई सुरू झालीय. मागच्या बंगल्यात मुलींचं पीजी चालतं. तुमच्या पत्नी तळमजल्यावरच्या एका खोलीत संध्याकाळी फिजिओथेरपीचे पेशंट तपासतात. तुम्ही विचारताय: अट आजही लागू आहे का, तिच्या जोरावर शेजाऱ्यांना थांबवता येईल का, आणि थांबवायला गेलो तर ती आपल्यावरच उलटेल का? शेवटी तुम्ही असंही विचारलंय की ‘सभासदाखेरीज कोणास विकू नये’ या ओळीला काही अर्थ उरलाय का.

पुण्यात दिवाणी बाजूला मी सत्तावीस वर्षं काम करते आहे आणि अशी प्रकरणं दोन्ही बाजूंनी चालवली आहेत. अशिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘अट कायदेशीर आहे का’ हाच असतो. न्यायाधीश मात्र वेगळ्या जागेवरून सुरुवात करतात. ही अट कोणाच्या जमिनीच्या भल्यासाठी लिहिली होती आणि तो माणूस किंवा ती जमीन आज माझ्यासमोर आहे का, हे ते आधी विचारतात. याचं उत्तर नीट देता आलं नाही तर अटीची भाषा कितीही कडक असली तरी दावा पुढे सरकत नाही.

तुमचं खत मी पाहिलेलं नाही, आणि सगळं काही त्या कागदाच्या जातीवर अवलंबून आहे. बंगल्यांच्या जुन्या सोसायट्यांत तीन प्रकारचे कागद आढळतात. कुठे ले-आउट पाडणाऱ्या मालकानं प्रत्येकाला सरळ खरेदीखत करून दिलेलं असतं. कुठे जमीन सोसायटीचीच असते आणि सभासदाकडे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असतो. कुठे खतात काहीच नसतं, अट फक्त सोसायटीच्या पोटनियमांत असते. तुम्ही ‘मूळ खत’ म्हणालात म्हणून आधी खरेदीखत धरते, कारण तोच सर्वांत अवघड प्रकार आहे.

खरेदीखतानं मालकी पूर्णपणे जाते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ११ म्हणतं की मालकी संपूर्ण दिल्यावर ‘ती अमुक रीतीनेच उपभोगावी’ असं सांगितलं असलं, तरी घेणारा ते सांगणं नसल्यासारखा वागू शकतो. इथपर्यंत वाचून पुष्कळ लोक अट रद्दच समजतात. पण त्याच कलमाचा दुसरा परिच्छेद अपवाद करतो: देणाऱ्यानं आपल्याच दुसऱ्या जमिनीचा उपभोग चांगला राहावा म्हणून तसं सांगितलं असेल, तर ते अमलात आणण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो. समजा मालकानं वीस प्लॉट पाडले, एकोणीस विकले आणि विसाव्यावर स्वतःचा बंगला बांधला. त्याच्या अटीमागे जमीन उभी आहे. त्यानं विसही विकले आणि तो निघून गेला, तर त्या अटीमागे त्याची स्वतःची जमीन उरली नाही.

हे झालं मूळ विकणारा आणि मूळ घेणारा यांच्यापुरतं. तुम्ही आणि बिल्डर दोघंही नंतर आलेले आहात, तिथे कलम ४० येतं. आपल्या जमिनीच्या अधिक चांगल्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीचा विशिष्ट उपयोग रोखण्याचा हक्क एखाद्याला असेल, तर तो हक्क माहीत असून जमीन विकत घेणाऱ्याविरुद्ध बजावता येतो, आणि मोबदला न देता ती मिळालेल्याविरुद्धही. पैसे मोजून आणि हक्काची कल्पना नसताना घेणारा सुटतो. या विचाराचं मूळ लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये आहे. तिथली बाग मोकळीच ठेवायची या अटीवर टल्क नावाच्या गृहस्थांनी ती १८०८ साली विकली. हात बदलत ती मॉक्सहे यांच्याकडे आली. त्यांच्या खतात अट नव्हती, पण त्यांना ती ठाऊक होती. १८४८ साली कोर्टानं त्यांना बांधकामापासून रोखलं, कारण माहीत असून घेतलेली वस्तू अट झटकून वापरता येत नाही.

‘बिल्डरला माहीत होतं’ हे सिद्ध करणं आपल्याकडे त्यामानानं सोपं आहे. अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे नोंदणीकृत दस्ताची माहिती घेणाऱ्याला आहे असंच धरलं जातं, आणि चौकशी करायची जाणूनबुजून टाळली तरी माहिती होती असंच मानतात. १९६२ चं खत नोंदलेलं असेल आणि बिल्डरची मालकी त्याच साखळीतून आली असेल, तर त्याच्या अलीकडच्या खतात अटीचा उल्लेख नसणं हा फारसा बचाव नाही. म्हणून केवळ तुमच्या खताची नव्हे, त्याच्या प्लॉटच्या पहिल्या खताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा. ती नक्कल नसेल तर तुमच्या बाजूला दाखवायला काही नाही. तुमच्या खतातली अट तुम्हाला बांधते. तो बांधला जातो तो त्याच्या खतातल्या अटीनं.

अडचण उरते ती लाभाची. अट लिहून घेतली मूळ मालकानं, तुम्ही नाही. शेजारी म्हणून तुम्ही ती कशी बजावणार? इथे ‘सामाईक योजना’ दाखवावी लागते: एकाच मालकानं एकाच नकाशाप्रमाणे प्लॉट पाडले, सगळ्यांवर सारखीच अट घातली, ती सर्व प्लॉटच्या परस्पर भल्यासाठी होती आणि घेणाऱ्यांनी हे समजूनच प्लॉट घेतले. इंग्रजी कोर्टानं १९०८ मध्ये ही कसोटी घालून दिली. आपल्याकडे तोच युक्तिवाद कलम ४० च्या चौकटीत बसवावा लागतो. त्यासाठी दोन-तीन खतं पुरत नाहीत. एका प्रकरणात आम्ही चोवीस प्लॉटपैकी एकोणीस प्लॉटची पहिली खतं जमवली, एकामागोमाग एक लावली, आणि अटीचा परिच्छेद सगळीकडे शब्दशः तोच निघाला. त्या दिवशी प्रकरणाचा रंग बदलला. ते गठ्ठे जमवायला चार महिने आणि दोन ज्येष्ठ रहिवाशांच्या ट्रंका लागल्या होत्या.

कागद भाडेपट्टा असेल तर तुमचं काम बरंच हलकं होतं. जमीन सोसायटीची असते, अट बजावणारा समोर असतो, आणि कलम १०८ नुसारही भाडेपट्टेदाराला जमीन ठरलेल्या कामाव्यतिरिक्त वापरता येत नाही. पोटनियमांचं थोडं निराळं आहे. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहकारी संस्थेचे पोटनियम म्हणजे कायदा नव्हे. ते संस्था आणि सभासद यांच्यातल्या कराराच्या स्वरूपाचे असतात. म्हणजे बिल्डर सभासद झाला असेल तर तो बांधला जातो. अशा तक्रारी बहुधा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात जातात. कोर्ट चुकलं तर दोन वर्षांनी ‘अधिकारक्षेत्र नाही’ ऐकून परत यावं लागतं आणि तोवर इमारत उभी राहिलेली असते, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात ठरवा.

आता भाषेकडे येते, कारण निम्मे खटले एका शब्दावर फिरतात.

जमिनीचा मोकळा उपयोग हा नियम आणि बंधन हा अपवाद, असं धरूनच कोर्ट वाचायला बसतं. बंधन आहे म्हणणाऱ्यानं ते स्पष्ट शब्दांत दाखवायचं. मालमत्ता देणाऱ्या दस्ताची भाषा खरोखरच संदिग्ध असेल तर ती देणाऱ्याच्या विरुद्ध वाचावी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये म्हटलंय. मात्र ही शेवटची पायरी आहे. आधी अख्खं खत, सोबतचा नकाशा आणि त्या काळची परिस्थिती पाहून दोन्ही पक्षांच्या मनात काय होतं ते शोधलं जातं.

‘राहण्यासाठी बंगला बांधावा’ आणि ‘राहण्याखेरीज अन्य उपयोग करू नये’ ही दोन वाक्यं ऐकायला सारखी वाटतात. पहिल्यात काय बांधायचं ते आहे, दुसऱ्यात कसं वापरायचं ते. माझ्या एका अशिलाच्या खतात फक्त पहिलं वाक्य होतं. शेजारी बालवाडी सुरू झाली. समोरच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं की बंगला राहण्याजोगाच आहे, एक वीटही बदललेली नाही. निशाणी ५ चा, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा, आमचा अर्ज नामंजूर झाला, आणि खरं सांगायचं तर तो निर्णय चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. तुम्ही लिहिलेली भाषा खतात जशीच्या तशी असेल, तर तुमच्याकडे दोन्ही वाक्यं आहेत. ही जमेची बाजू.

‘एकच बंगला’ यावर बिल्डरचा वकील म्हणेल की सात मजली असली तरी इमारत एकच आहे. इथे शब्दाचा १९६२ मधला अर्थ घ्यायचा, आजचा नाही. बंगला म्हणजे मोकळ्या जागेत स्वतंत्र उभं असलेलं घर, हे त्या काळच्या नकाशावर बांधकामाभोवती मोकळ्या सोडलेल्या सामासिक अंतरांवरून दाखवता येतं. शिवाय ‘इतकाच’ हा शब्द तुमच्या मदतीला आहे. ‘तळमजला व एक मजला बांधावा’ यात किमान की कमाल, असा वाद घालता आला असता. ‘इतकाच’ आल्यावर तो संपला. अटीपुढे ‘लिहून घेणार व त्यांचे वालीवारस यांजवर बंधनकारक’ असं काही आहे का तेही पाहा, कारण अट एका माणसावर होती की जमिनीवर, याचा तो चांगला पुरावा ठरतो. ‘मालकाच्या लेखी परवानगीशिवाय’ अशी सवलत जोडलेली असेल तर मला आधी कळवा. मालकाला मर्जीप्रमाणे सूट देता येत असेल, तर अट सगळ्यांच्या भल्यासाठी होती हा युक्तिवाद ढिला पडतो.

पीजीच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला फार आशा दाखवणार नाही. मुली तिथे झोपतात, जेवतात, अभ्यास करतात. याला राहणं नाही तर काय म्हणायचं? मालकाला पैसे मिळतात म्हणून राहणाऱ्याचं राहणं धंदा होत नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये थोड्या दिवसांसाठी भाड्यानं दिलेल्या घराबद्दल असाच विचार केला: अट ‘निवासी उपयोग’ एवढंच म्हणते, किती दिवस राहावं हे सांगत नाही, तर कोर्टानं ते आपल्या मनानं त्यात घालायचं नाही. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण तर्क पटण्याजोगा आहे. तुमच्या खतात ‘एका कुटुंबाच्या राहण्यासाठी’ असे शब्द असतील तर गोष्ट वेगळी. एका खोलीत चार खाटा, खाली खाणावळ आणि बाहेर फलक असेल तरीही चित्र बदलतं. तो पुराव्याचा भाग आहे.

तुमच्या पत्नींच्या खोलीबद्दल. डॉक्टर-वकिलांच्या बाजूचे निकाल वारंवार दाखवले जातात. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की डॉक्टरचा खाजगी दवाखाना मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाखाली ‘व्यापारी संस्था’ होत नाही. केरळमधल्या तशाच कायद्याखाली वकिलाच्या ऑफिसबद्दल १९८४ मध्ये तेच झालं. पण हे निकाल त्या त्या कायद्यातल्या व्याख्येवर आहेत. तुमच्या खतात ‘व्यापारी उपयोग करू नये’ असं असतं तर ते थेट उपयोगी पडले असते. तुमचं खत म्हणतं ‘राहण्याखेरीज अन्य उपयोग’, आणि ‘अन्य’ची व्याप्ती ‘व्यापारी’पेक्षा मोठी आहे. नोएडाच्या निवासी भाडेपट्ट्यांवर २०११ च्या डिसेंबरमध्ये आलेला निकाल मला जास्त जवळचा वाटतो. निवासी सेक्टरमधल्या बँका आणि नर्सिंग होम न्यायालयानं हटवायला लावली, पण डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांना स्वतःच्या जागेत तळमजल्याच्या ३० टक्के भागापर्यंत काम करू दिलं. ही मोजणी तिथल्या नियमांतून आली आहे, तुमच्या खतात ती नाही. तरी दिशा कळते: घर घरच राहिलं पाहिजे आणि काम त्याच्या पोटात, मर्यादेत असलं पाहिजे. राहत्या घरातली एक खोली, नोकर नाही, संध्याकाळचे दोन तास, हे मी कोर्टात बचाव करण्याजोगं समजते. यंत्रं वाढली, दुसरी फिजिओथेरपिस्ट ठेवली, रस्त्यावर पेशंटच्या गाड्या लागू लागल्या, तर नाही समजणार.

यावर इतकं बोलण्याचं कारण असं की मनाई हुकूम हा मागणाऱ्याचं वागणं पाहून दिला जातो. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ४१ सांगतं की वादीनं स्वतः ज्या चालू उल्लंघनाला मूक संमती दिली ते थांबवण्यासाठी मनाई मिळत नाही, आणि त्याचं स्वतःचं वागणं त्याला मदतीस अपात्र ठरवत असेल तरीही नाही. बिल्डरच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, पहिला परिच्छेद तुमच्या पत्नींच्या पाटीवर असेल, हे गृहीत धरा. दाव्यात ती खोली तुम्हीच आधी, मोकळेपणानं सांगा. लपवलेली गोष्ट समोरच्यानं फोटोसह काढली की न्यायाधीशांचा तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो, आणि तो परत मिळत नाही.

याच ओघात परिसर बदलल्याचा मुद्दा येईल. चोवीसपैकी अकरा प्लॉटवर आधीच पाच-पाच मजले झाले असतील आणि कोणी हरकत घेतली नसेल, तर कोर्ट विचारेल की आता कोणती योजना वाचवायची आहे? एखाद-दुसरं उल्लंघन झालं म्हणून अट मरत नाही. किती झाली की मरते याचा आकडा कुठेच नाही. अटीचा मूळ हेतू अजून साधण्याजोगा आहे का, एवढंच पाहतात. सोसायटीत फिरा, प्रत्येक प्लॉटचा फोटो घ्या, मजले मोजा. हे काम अशिलानं स्वतः केलेलं मला आवडतं, कारण उलटतपासात तोच उभा असतो.

मंजूर नकाशाला घाबरू नका आणि त्याच्यावर सगळा रागही काढू नका. महानगरपालिका पाहते ते विकास नियंत्रण नियम: रस्त्याची रुंदी, एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम करता येतं ते प्रमाण), अंतरं. खाजगी खतातली अट मोडते का हे ठरवणं तिचं काम नाही, आणि तिच्या शिक्क्यानं ती अट पुसलीही जात नाही. उलटही खरं आहे: खतात मनाई नाही म्हणून नियमांत न बसणारा वापर चालून जात नाही. दोन्ही चाळण्यांतून जावं लागतं.

उशीर झाला तर चांगलं प्रकरणही हातचं जातं, हे मी अनेकदा पाहिलंय. वापर रोज नव्यानं घडतो, म्हणून मुदतीच्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे चालू उल्लंघनाला रोज नवी मुदत मिळते, असं पीजीबाबत म्हणता येईल. बांधकाम एकदाच होतं. आळंदीच्या ज्ञानेश्वर महाराज संस्थानच्या गुरवांना विश्वस्तांनी १९११ मध्ये कामावरून दूर केलं, आणि त्यांचा वाद १९५९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. हक्क हिरावला गेला ती इजा एकदाच पूर्ण झाली. तिचे परिणाम पुढे चालू राहिले म्हणून ती चालू इजा होत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. उभ्या इमारतीविरुद्ध हाच युक्तिवाद होतो. शिवाय सातवा स्लॅब पडल्यावर आलात तर ‘पाडून टाका’ असं सांगायला कुठलाही न्यायाधीश कचरतो, फ्लॅट घेतलेली कुटुंबं समोर उभी राहतात, आणि प्रकरण नुकसानभरपाईवर येतं. ती सुद्धा दाव्यात मागितलेली असेल तरच मिळते, म्हणून पर्यायी मागणी पहिल्याच मसुद्यात घाला.

‘सभासदाखेरीज कोणास विकू नये’ या ओळीबद्दल थोडक्यात. खरेदीखतात विक्रीवर संपूर्ण बंदी घातली असेल तर कलम १० प्रमाणे ती निरर्थक आहे. पण सभासदत्वाच्या वाटेनं आलेलं बंधन टिकू शकतं. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा ‘सभासद पारशीच हवा’ हा पोटनियम सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये कायम ठेवला. तो निकाल मला मनापासून पटत नाही, घराच्या बाबतीत तर नाहीच, पण तो लागू कायदा आहे. तुमच्या लढ्यात ही ओळ पुढे आणू नका. तिनं काही साधत नाही आणि न्यायाधीशांचं लक्ष भलतीकडे जातं.

या आठवड्यात एवढं करा. बिल्डरच्या प्लॉटचं पहिलं खत आणि मूळ ले-आउटचा नकाशा मिळवा. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा आणि कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करण्याचा परवाना) मागा, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. बिल्डरला आणि सोसायटीला अटीचा परिच्छेद उद्धृत करून नोटीस पाठवा. नोटिशीनंतर त्यानं केलेलं काम त्यानं स्वतःच्या जोखमीवर केलं, असं पुढे म्हणता येतं. खोदाईचे तारखेसह रोज फोटो काढा. सोबतीला आणखी दोन-तीन बंगलेवाले वादी म्हणून मिळाले तर उत्तम. मात्र ज्यांनी स्वतः वर मजला चढवलाय त्यांना घेऊ नका. जोत्याचं काम सुरू होण्यापूर्वी तूर्तातूर्त मनाईचा अर्ज कोर्टात असायला हवा, आणि खोदाई चालू आहे म्हणता तर तुमच्या हातात महिना आहे असं धरू नका, काही दिवसच आहेत.